नाकातला भाडेकरू आणि यंदाचा मसाला

मरोळ गावठाण, अंधेरी (पूर्व)
एप्रिलचा शेवटचा आठवडा, १९८६

प्रिय सुगंधा,

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात आपण दोघी डबे उघडून बसायचो ते तुला आठवतं का गं? जूनमध्ये शाळा उघडली की तुझं नाक बंद व्हायचं ते नवरात्रापर्यंत. (तुझ्या आईने हौसेने सुगंधा नाव ठेवलं आणि मग आयुष्यभर तुला वाफारे देत बसली.) तू झाकण काढायचीस, आत काळ्या वाटाण्याची उसळ असायची, आणि डबा माझ्या नाकाखाली धरून म्हणायचीस, "ग्रेस, माझ्यासाठी वास घे गं." मग मी डोळे मिटून वास घ्यायची आणि तुला सांगायची, आज गोल आहे. किंवा चौकोनी, म्हणजे मसाला कच्चा राहिलाय. किंवा टोकदार, म्हणजे फोडणी करपली. माझ्या शब्दावर भरवसा ठेवून तू जेवायचीस. आणि सिस्टर दुरून बघायच्या आणि त्यांना वाटायचं, ही मुलगी रोज डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना करते. त्याच वर्षी मला सद्‌वर्तनाचं बक्षीस मिळालं होतं. अजून कपाटात आहे, आणि अजून मला ते उसळीचं बक्षीस वाटतं.

असो. देवगडची हवा तुला मानवली असेल. तुझ्या मिस्टरांचे गुडघे कसे आहेत, आणि ते अजून बागेत स्वतः शिडीवर चढतात का ते कळव. (चढत असले तर शिडी लपव.) सासूबाईंना माझा वाकून नमस्कार सांग. मी बाटलेली आहे हे त्या विसरल्या असतील तर आठवण करून देऊ नकोस. तुझी दोन पत्रं आणि एक रागाचं पोस्टकार्ड मिळालं. उत्तर दिलं नाही कारण नाकाचं प्रकरण मिटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता मिटलंय, तेव्हा सगळं सांगते. चहा घेऊन बस.

नाताळाच्या आधी माझं सायनसचं ऑपरेशन झालं, एवढं तुला ठाऊक आहे. घाटकोपरच्या डॉक्टर चंद्रप्रकाशांनी वरचा ओठ उचलला, आतून गालाच्या हाडाला खिडकी पाडली आणि वर्षानुवर्षं साठलेला सगळा केर बाहेर काढला. माणूस फार सज्जन, हात हलका, फक्त बोलतो एखाद्या ठेकेदारासारखा. म्हणाले, बाई, आता हवा खेळती राहील. दोन आठवडे माझा गाल पावासारखा सुजला होता आणि मी ख्रिसमसच्या फोटोत एकाच बाजूने आनंदी दिसते आहे. पण डोकं हलकं झालं, आणि एक दिवस सकाळी शेजारच्या घरातल्या तळलेल्या बोंबलाचा वास मला माझ्या अंथरुणात आला. मी रडले, सुगंधा. बोंबलाच्या वासाने रडलेली मरोळमधली मी पहिलीच बाई असेन.

ते सुख जानेवारीअखेरपर्यंत टिकलं. मग पुन्हा गाल जड, डोळ्यांमागे ठणका, घशात उतरणारं हिरवं पाणी (जेवत नाहीस ना?), आणि वास साफ गेला. बोंबील गेला, कॉफी गेली, अल्फान्सोचे मोजे गेले. माझा नवरा हा त्यातल्या त्यात फायदा समजत होता. डॉक्टरांनी आधी लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या, मग निळ्या, मग नुसत्या पांढऱ्या गोळ्या. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं आणि मग पहिल्यासारखंच. अल्फान्सो सध्या घरी असतो हे तुला माहीत आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला दोनच कामं, बियरच्या बाटल्या रिकाम्या करणं, आणि आमच्या पुढच्या खोलीतल्या भाडेकरूला काढण्यासाठी कोर्टात तारखा घेणं. त्याने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही घर दुरुस्त केलंत, पण आत राहतो कोण ते विचारलंच नाहीत. नाव कळल्याशिवाय नोटीस कोणाच्या नावाने काढणार?"

मला वाटलं, आता डॉक्टर आम्हाला बाहेर काढणार. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, हे बरोबर बोलताहेत. तारेच्या टोकाला कापूस लावून नाकातून नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत घालून जोगेश्वरीच्या एका लॅबमध्ये पाठवायचा. तिथे त्या जंतूला बशीत खायला-प्यायला घालून वाढवतात, तो कोण ते ओळखतात, आणि मग कोणत्या औषधाला तो घाबरतो ते बघतात. हे सगळं ऐकून मला धीर आला. फक्त एकच भीती होती आणि ती मी डॉक्टरांनाही सांगितली. मसाल्याच्या आधी माझं नाक परत पाहिजे.

तुला कारण सांगायला नको, तू दर वर्षी आमच्या मसाल्याची बाटली घेतेस. पण यंदा गोष्ट वेगळी होती. आमच्या घरात मसाला भाजते ती बाई नाकाने भाजते. घड्याळ नाही, माप नाही. मिरच्या, धने, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेसर, एकेक जिन्नस मातीच्या खापरीत पडतो आणि आई म्हणायची, वास गोल झाला की उतरव. (आपल्या डब्यांच्या भूमितीचा शोध माझा नव्हता, आईचा होता. आज कबूल करते.) आईनंतर खापरी माझ्याकडे आली. आणि पहिली भरलेली बाटली भाजणारीची, ती कुणाला द्यायची नाही, तिच्या फळीवर राहते, हीदेखील आईचीच रीत. आता माझं नाक गेल्याचं कळताच माझी नणंद रीटा म्हणाली की यंदा ती भाजेल. रीटाला तू ओळखतेस. लग्न केलं नाही, आमच्याचकडे असते, मनाने सोनं, पण हात जड. तिने एकदा पापड भाजले तर शेजाऱ्यांनी आगीचा बंब बोलवायचा का म्हणून विचारलं. ती बसली खापरीशी, तर अख्ख्या गावठाणाचा वर्षाचा मसाला टोकदार. आणि ती नाही बसली, तर मिरच्या गिरणीत जाणार, म्हणजे आईचा मसाला संपला. एप्रिलचं ऊन पडायच्या आत माझा भाडेकरू ओळखला जाणं किती जरुरीचं होतं ते लक्षात आलं ना?

तर पहिला नमुना. लॅबमध्ये बशी ठेवली, आणि बशीत काहीही उगवलं नाही. डॉक्टर चक्रावले. मग त्यांनी विचारलं, येण्याआधी नाकाला काही केलं होतं का? आता तूच सांग, आपण नन्सच्या हाताखाली वाढलेल्या मुली. सोमवारी नखं, कान आणि रुमाल तपासून घेतल्याशिवाय कोणी वर्गात सोडलं का आपल्याला? परक्या माणसाला नाक दाखवायला जायचं ते काय तसंच? मी सकाळी उठून साबणाने नाक धुतलं, मग जखमेवर लावायचं जंतुनाशक औषध पाण्यात टाकून आत फिरवलं, आणि वर थोडं मलम. डॉक्टर कपाळावर हात ठेवून म्हणाले, बाई, पुढच्या वेळी गलिच्छ या.

गलिच्छ जायचं म्हटल्यावर मी मनापासून गलिच्छ गेले. दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी नेमका माझ्या पुतणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, आणि संध्याकाळच्या जेवणाच्या फुग्या माझ्याकडे. (त्याच त्या, ताडीने आंबवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोळ्या. तुझ्या लग्नाआधी तू आमच्या ओट्यावर बसून टोपली संपवली होतीस आणि घरी जाऊन शिंगाड्याची खिचडी मागितलीस, कारण त्या दिवशी एकादशी होती.) पहाटे ताडीवाला मार्कस ताजी ताडी देऊन गेला. मी कोपरापर्यंत पिठात. नाक गळतंय, हात अडकलेले, तेव्हा पिठावर झाकलेल्या ओल्या फडक्यानेच नाक पुसलं. एकदा नाही, पीठ फुगेपर्यंत. आणि तशीच, डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे तोंडही न धुता, घाटकोपरची बस पकडली.

या वेळी बशीत उगवलं. इतकं उगवलं की लॅबमधल्या डॉक्टर उत्तरांनी स्वतः चंद्रप्रकाशांना फोन केला. ही उत्तरा वयाने माझ्या मुलीएवढी, केस कापलेले, बोलणं तडक. तिने मला बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, तुमची बेकरी आहे का?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग तुमच्या नाकात पाव फुगवण्याचं यीस्ट इतकं जोरात कसं काय राहतंय? मी सगळं सांगितल्यावर ती बराच वेळ खिडकीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. खोकला असेल.

ही बातमी गावठाणात माझ्याआधी पोचली. ग्रेसच्या नाकात ताडी होते असं चर्चच्या पायऱ्यांवर ठरलं. मार्कस तोंड पाडून आला. आता ताडी मी त्याच्याकडून घेणार की स्वतःचाच धंदा सुरू करणार, हे त्याला विचारायचं होतं. अल्फान्सोला पुरुषमंडळी विचारायची की तू रोज संध्याकाळी बायकोच्या शेजारी बसतोस ते उगीच नव्हे. आणि तो, ज्याला मी तीस वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, तो मान डोलवून "दुसऱ्या धारेची आहे, जरा आंबट लागते" असं सांगत सुटला. त्याच आठवड्यात रीटाने बाजारात जाऊन मिरच्यांचा भाव विचारला. मला न विचारता. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली.

तिसऱ्या वेळी कोणीच माझ्यावर विश्वास ठेवला नाही. डॉक्टर म्हणाले, आता नाकातून नाही, थेट सायनसमधूनच घेतो, आम्ही पाडलेल्या खिडकीतून. आणि वाटेत मी नाकाला हात लावू नये म्हणून रीटा सोबत आली. मरोळपासून घाटकोपरपर्यंत तिने माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर दाबून धरले होते. समोरच्या बाकावरच्या एका गुजराती बाईने हळूच विचारलं की पेशंट शांत आहे ना. रीटा म्हणाली, आज शांत आहे.

आणि या वेळी तो सापडला. उत्तराने मला बशी दाखवली, काचेबाहेरून. हिरवट, चमकदार, पावसाळ्यात डबक्यावर तवंग येतो तसा. भोवती औषधात बुडवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या मांडलेल्या. ज्या टिकलीपासून तो दूर पळतो तिथे स्वच्छ गोल पडतो आणि तेच औषध चालतं. मला दिलेल्या लाल-पिवळ्या औषधाच्या टिकलीवर तर तो अंगणात पाय पसरून बसावा तसा पसरला होता. त्याचं नाव स्युडोमोनास. (अल्फान्सोने ते दोनदा लिहून घेतलं आणि म्हणाला, आडनावावरून पोर्तुगीज वाटतो.) पण तुला सांगायची गोष्ट पुढेच आहे. मी विचारलं, तू हा ओळखलास कसा? ती म्हणाली, पुढच्या तपासण्या नंतर केल्या, पण झाकण जरा उचलताच वासावरून कळलं. याला गोड वास येतो, पिकलेल्या द्राक्षांसारखा. तिने झाकण केसभर उचलून दाखवलं. रीटा शेजारी उभी होती, ती म्हणाली, खरंच गं, द्राक्षं. मी नाक पुढे केलं. काही नाही. माझ्याच घरात राहिला, माझा वास पळवला, आणि स्वतः मात्र अत्तर लावून बसला मेला.

आता हा आला कुठून? उत्तराने विचारलं, नाक कशाने धुता? मी अभिमानाने सांगितलं, उकळून गार केलेलं पाणी आणि मीठ, डॉक्टर म्हणाले तसं. आणखी काही? मग मला सांगावंच लागलं. उकळून गार झाल्यावर मी त्यात दोन थेंब रीटाने यात्रेहून आणलेल्या पवित्र पाण्याचे घालत होते. ती निळ्या मुकुटाच्या बुचाची, माऊलीच्या आकाराची प्लास्टिकची बाटली तू पाहिली आहेस. आणि दोन थेंब तू काशीहून पाठवलेल्या गंगाजळीतले. दोघींपैकी कोणाला वाईट वाटू नये एवढाच हेतू. उत्तराने कपाळाला हात लावला नाही, तेवढी ती शिकलेली आहे. म्हणाली, मावशी, हा जंतू साठलेल्या पाण्यातच राहतो, देवाचा यात दोष नाही, बूच सैल असेल. दोन्ही बाटल्या आणा, तपासून सांगते कोणत्या बाटलीत आहे ते.

मी नेल्या नाहीत. आमच्या फादरना विचारलं. ते म्हणाले, पवित्र पाणी कपाळाला लावायचं असतं, नाकात ओतायला कोणी सांगितलं, आणि एवढंच असेल तर उकळून घे, उकळल्याने पावित्र्य जात नाही, जंतूच जातात. तेव्हा मी दोन्ही एकाच पातेल्यात उकळली आणि तुळशीला घातली. (तुळस म्हणजे आमच्या खोकल्याची, तुमची नव्हे, पण तिलाही आवडलं असावं.) कोणाच्या बाटलीत तो होता हे मला आजन्म कळायला नको. रीटाला मी सांगितलंय तो तुझ्या गंगेतला होता. तुला सांगते, तो तिच्या बाटलीतला होता.

पुढे काय, टिकलीने दाखवलेल्या औषधाची इंजेक्शनं. कुठे ते विचारू नकोस, दोन आठवडे मी चर्चमध्ये मिस्सा उभ्यानेच ऐकली आणि लोकांना वाटलं माझी भक्ती वाढली. पण हिरवं पाणी थांबलं, ठणका गेला, गाल हलका झाला. डॉक्टरांनी शेवटी माझ्या नाकाखाली कप धरला आणि विचारलं, काय आहे? मी म्हटलं, कॉफी. त्यांनी टाळी वाजवली, अल्फान्सोने नोटीस लागू पडल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं, आणि उत्तराने बशी जाळून टाकली. गेल्या शनिवारी अंगणात चूल पेटली. मी खापरीशी बसले, रीटा लाकडं सारायला, कांडायला नेहमीच्या बायका. काळ्या बाटल्या ठासून भरल्या, बुचं बसवली, वर फडकी बांधली. आईची फळी रिकामी राहिली नाही. तुझी बाटली भांडुपहून तुझे दीर दत्तारामभावोजी मंगळवारच्या एस.टी.ने आणतील, त्यांच्याबरोबरच हे पत्र. बाटली उभीच ठेवायला त्यांना सांगितलंय, पण ते पुरुष आहेत.

सगळ्यांना आठवण. तुझ्या नाकाला विशेष.

तुझी,
ग्रेस

ता. क. भावोजींना पन्ह्यासाठी कैऱ्या देऊन पाठव. इथे मिळतात त्या नुसत्या रंगाला हिरव्या.

ता. क. २. सुगंधा, कॉफी ओतताना मी नर्सला पाहिलं होतं. मला वास अजून आलेला नाही. जंतू गेला, दुखणं गेलं, पण वास म्हणे सावकाश येतो, किंवा येत नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर रीटा खापरीशी बसली असती, म्हणून गप्प राहिले. धने तडतडायचं कसं थांबतात ते कानाने ऐकलं, तीळ रंगावर उतरवले. पण मिरची आणि दगडफूल कानाला काही सांगत नाहीत. तेव्हा एक चमत्कार झाला. दर वेळी मी खापरीकडे बघत अडून बसले की लाकडं सारणारी रीटा खोकायची. मी खापरी उतरवायची. ती पुढच्या जिनसापर्यंत गप्प. दिवसभर असं चाललं. तिने एकदाही वर पाहिलं नाही, मीही नाही. धुरामुळे खोकते असं कांडणाऱ्या बायका म्हणत होत्या. रीटाला कसला गं धूर, तिने पापड भाजलेत.

तेव्हा खरं काम हे आहे. बाटली आल्याबरोबर फडकं सोड, बूच काढ, आणि माझ्यासाठी वास घे. तुझं नाक देवगडला मोकळं असतं असं तूच लिहिलं होतंस. पोस्टकार्डावर एकच शब्द लिही, गोल, चौकोनी किंवा टोकदार. बाकी काही लिहू नकोस, आमच्याकडे पोस्टकार्ड सगळे वाचतात आणि रीटा सर्वांत आधी. तुझा शब्द येईपर्यंत, तुझी आणि फळीवरची सोडून, बाकी सगळ्या बाटल्या माझ्या पलंगाखाली आहेत, त्यांतली एकही बाहेर गेलेली नाही.

चौकोनी असेल तर एक उत्तराला, ती डब्यात नुसता पाव नेते, तिला फरक कळणार नाही. एक डॉक्टर चंद्रप्रकाशांना, आणि उरलेल्या घरात. टोकदार असेल तर सगळ्या मार्कसला, त्याच्या गिऱ्हाइकांना तिखट लागतंच, आणि मी भाजला असं सांगायचं. रीटाचं नाव निघता कामा नये. आणि गोल असेल, तर नेहमीच्या घरी नेहमीच्या बाटल्या, फादरना मोठी, आणि फळीवरची ती पहिली बाटली रीटाला. का म्हणून विचारलंच तिने, तर सांगेन, तुझ्या खोकल्याची.